मानेवरचं ओझं डोंगरावर घ्या

मे महिना सरत येतो, वळवाच्या एक-दोन सरी पडून जातात आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या झाडीत नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येऊ लागते. मुठीत मावेल एवढा पक्षी. वजन पन्नास-साठ ग्रॅम. पावसाळ्यात तो आपल्याकडे घरटं बांधतो, पिल्लं वाढवतो आणि थंडीच्या तोंडावर दक्षिणेकडे निघून जातो. काही तर समुद्र ओलांडून श्रीलंकेपर्यंत जातात. पण ज्याची शीळ आपण ऐकली तो नवरंग कुठल्या वाटेने गेला, वाटेत कुठे उतरला, पुढच्या वर्षी त्याच ओढ्याकाठी परतला का, हे सांगायला आपल्या हाती काही साधन नाही.

वाघाचं सांगता येतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर घातली. जूनमध्ये तो बाहेर पडला आणि विदर्भ, मराठवाडा, तेलंगणाचा काही भाग पालथा घालत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. २०२० मध्ये कॉलर निघाली तोवर नऊ महिन्यांत सुमारे ३,००० किलोमीटर चालणं झालं होतं. शेतांच्या बांधांवरून, ओढ्यांतून, महामार्ग ओलांडून. त्या एका कॉलरीमुळे नकाशावर आधी कुणी न काढलेली एक वाट उमटली आणि ‘इथे वाघ येतच नाही’ असं म्हणण्याची सोय संपली.

नवरंगाच्या वाट्याला हे का नाही? वाघाला जास्त मान आहे हे खरं. पण त्याही आधीचं कारण साधं आहे: वजन. प्राण्याच्या अंगावर बांधायचं उपकरण त्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, पक्ष्यांच्या बाबतीत तीन टक्क्यांच्या आत असावं, असा संशोधकांमध्ये रूढ संकेत आहे. दोनशे किलोच्या वाघाला किलोभराची कॉलर चालते. पन्नास ग्रॅमच्या नवरंगाला दीड ग्रॅम. त्या दीड ग्रॅममध्ये सेल, रेडिओ, अँटेना, पट्टा आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून चढवलेला लेप, सगळं बसवायचं. म्हणजे कुठल्या प्राण्याबद्दल आपल्याला काही कळणार आणि कुठल्याबद्दल नाही, हे बऱ्याच अंशी बॅटरीचं वजन ठरवतं. आणि ज्याच्याबद्दल कळतं त्याच्यासाठीच रस्त्याखाली भुयार निघतं, विजेची तार जमिनीखाली घालण्याची मागणी होते, कोर्टात नकाशा दाखवता येतो. बाकीच्यांची बाजू मांडायला कागदच नसतो.

मी पाणीमीटरांत बसणाऱ्या रेडिओंवर काम करतो. रस्त्याच्या कडेला खड्ड्यात, झाकणाखाली, चिखलात तो रेडिओ दहा वर्षं राहतो, एका सेलवर, आणि दिवसातून एकदा आकडा पाठवतो. ही विद्या आज पुण्या-नाशिकच्या लहान लहान कारखान्यांत शेकडो लोकांना येते. म्हणून माझं म्हणणं असं, की वन्यप्राण्यांवर लावायची लहान, कमी विजेवर चालणारी उपकरणं आपण इथे, महाराष्ट्रात बनवली पाहिजेत, सरकारी पैशाने बनवली पाहिजेत, आणि त्यांची रचना सर्वांना खुली ठेवली पाहिजे. पण परदेशी कॉलरीची स्वस्त नक्कल करून हे साधणार नाही. उपकरणाचा विचारच उलटा करावा लागेल. तो कसा, हे सांगायला थोडा हिशेब मांडावा लागेल.

गाडीच्या किल्लीत असतो तो नाण्याएवढा सेल घ्या. वजन ३ ग्रॅम, ३ व्होल्ट, साधारण २२० मिलिअँपिअर-तास. त्यात सुमारे २,४०० ज्यूल ऊर्जा असते. आता जीपीएस. वीस हजार किलोमीटरवरून येणारी उपग्रहाची लहर आपल्यापर्यंत पोचते तेव्हा अतिशय क्षीण झालेली असते, आणि उपग्रह स्वतःचा ठावठिकाणा सांगतो तो सेकंदाला अवघ्या ५० बिटांच्या गतीने. कुणी लांबून पुटपुटत एकेक अक्षर सांगावं आणि आपण कान टवकारून अर्धा मिनिट उभं राहावं, तसं उपकरणाला जागं राहावं लागतं. पंचवीस मिलिअँपिअरने तीस सेकंद धरले तर एका नोंदीला सव्वादोन ज्यूल जातात. म्हणजे त्या सेलवर हजारेक नोंदी. दिवसाला चार घेतल्या तर आठ-नऊ महिने. हे कागदावर. प्रत्यक्षात असा चपटा सेल एका दमात एवढी वीज द्यायला कुरकुरतो आणि थंडीत तर मान टाकतो. शिवाय ही नोंद उपकरणाच्या पोटातच राहिली. ती आपल्यापर्यंत पोचवायची तर उपग्रहाला ऐकू जाईल एवढ्या जोराने ओरडायला हवं. त्याचा खर्च वेगळा.

अर्धा मिनिट जागं राहायचं टाळण्याची एक युक्ती आहे. उपग्रहाची लहर काही मिलिसेकंदांपुरती जशीच्या तशी टिपून ठेवायची आणि गणित नंतर संगणकावर करायचं. युक्ती चांगली आहे, पण टिपलेलं परत मिळवायला तोच प्राणी पुन्हा पकडावा लागतो किंवा ती सगळी माहिती रेडिओवरून पाठवावी लागते. बऱ्याच लहान प्राण्यांच्या बाबतीत हे दोन्ही जमत नाही.

आता दुसरी पद्धत. मावळात एका डोंगरावरचा माणूस दुसऱ्या डोंगरावरच्याला कुकारा घालतो. कुकारा घालणाऱ्याने स्वतः कुठे आहे हे सांगायची गरज नसते. ऐकणाऱ्याला आवाजावरून कळतं. प्राण्याच्या अंगावरच्या उपकरणाने एवढंच करायचं: काही सेकंदांनी एकदा, आठ-दहा मिलिसेकंदांचा रेडिओचा कुकारा द्यायचा आणि पुन्हा झोपायचं. ऐकायचं काम डोंगरमाथ्यावरच्या केंद्रांचं. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. तीन-चार केंद्रांची घड्याळं एकमेकांशी अगदी बारीक जुळवलेली असतील, तर एकच कुकारा प्रत्येकाला कधी ऐकू आला यातल्या फरकावरून प्राण्याची जागा काही मीटरांच्या अचूकतेने काढता येते. अवघड सगळं केंद्राकडे: अचूक घड्याळ, मोठी अँटेना, संगणक, सौरपट्टी. ते कितीही जड असो, डोंगराला त्याचं ओझं नाही. दहा मिलिअँपिअरने आठ मिलिसेकंदांचा कुकारा धरला तर एका जीपीएस नोंदीच्या खर्चात नऊ हजारांहून जास्त कुकारे होतात. हा फरक नऊ हजारांचा आहे, नऊ टक्क्यांचा नाही. लेखाच्या मथळ्यात मी म्हटलंय ते हेच: प्राण्याच्या मानेवरचं ओझं उचलून आपल्या डोंगरावर ठेवायचं.

ही कल्पना माझी नाही, आणि नुसती कल्पनाही नाही. इस्राएलच्या हुला खोऱ्यात प्राणिशास्त्रज्ञ रान नाथान आणि संगणकशास्त्रज्ञ सिवान तोलेडो यांच्या गटांनी ‘ॲटलस’ नावाची अशी व्यवस्था उभी केली. त्यांनी चार वर्षांत १७२ फळखाऊ वटवाघळांचा माग काढला आणि जागेच्या १ कोटी ८० लाखांहून अधिक नोंदी मिळवल्या. २०२० मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. ही वटवाघळं रात्री ठरलेल्या फळझाडांकडे जातात, मधूनच आडवाटेने थेट दुसऱ्या झाडाकडे वळतात. परिसराचा नकाशा डोक्यात असल्याशिवाय तसं उडता येणार नाही, असं त्यांनी दाखवलं. एवढ्या प्राण्यांचा एवढा बारीक माग महागड्या, जड उपकरणांनी लागलाच नसता. नेदरलँड्सच्या वाडन समुद्राच्या चिखलपट्ट्यांवर हीच व्यवस्था किनारपक्ष्यांसाठी वापरतात.

वटवाघळांचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. हुला खोऱ्यातलं वटवाघूळ रूसेटस प्रजातीतलं. त्याचं सख्खं भावंड, रूसेटस लेशेनॉल्टाय, आपल्याकडे गुहांत, जुन्या विहिरींत, पडक्या देवळांत राहतं. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांनी महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी प्रसिद्ध केलं की या जातीच्या काही वटवाघळांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. बातमी आली, चार दिवस घबराट झाली, मग विसरली गेली. पण या बातमीने जो प्रश्न विचारायला हवा होता तो तसाच राहिला. ही वटवाघळं संध्याकाळी गुहेतून निघून जातात कुठे? कुठल्या बागांत, कुठल्या पेरूंवर, किती लांब? एका गुहेतली दुसऱ्या गुहेत मिसळतात का? गावाजवळ येतात ती कोणत्या महिन्यात? आरोग्य खात्याला याची उत्तरं हवीत, बागायतदाराला हवीत, आणि वटवाघळांनाही हवीत, कारण उत्तर नसलं की लोक गुहेच्या तोंडाशी धूर करतात. २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत आपल्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं कावळा-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. बीज पसरवणाऱ्या, फुलांचं परागण करणाऱ्या प्राण्याबद्दल कायद्याला इतकी वर्षं एवढंच म्हणायचं होतं. शंभर ग्रॅमच्या आतबाहेरच्या या प्राण्याला तीन-चार ग्रॅमचं उपकरण चालतं. कुकारा घालणारं उपकरण त्यात आरामात बसतं. महाबळेश्वरभोवती उंच माथ्यांची कमतरता नाही. हा प्रकल्प उद्या सुरू करण्यासारखा आहे.

यावर पहिला आक्षेप माझ्या धंद्यातल्या माणसांचाच येईल, आणि तो खरा आहे. सह्याद्रीत दरीपलीकडची दरी दिसत नाही. जिथे माथा आडवा येतो तिथे रेडिओची सावली पडते. ओल्या पानांत उच्च वारंवारतेच्या लहरी लवकर विरतात. पाणीमीटरांसाठी आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय खुला आहे, पण पावसाळी जंगलात त्याहून खालचा पट्टा बरा, आणि तिथे दिल्लीहून दूरसंचार खात्याची परवानगी लागते. शिवाय टिपेश्वरच्या वाघासारखा प्राणी तीन हजार किलोमीटर चालायला निघाला तर त्याच्यामागे केंद्रं कुठवर उभारणार? अशा भटक्यांना उपग्रहाची कॉलरच हवी, याबद्दल माझा वाद नाही. पण बहुतेक प्राणी असे भटके नसतात. रानपिंगळा, मुंगूस, खवल्या मांजर, साळिंदर, वटवाघूळ यांचं रोजचं जग चार डोंगरांच्या आत असतं. आणि आपल्या डोंगरांवर एकमेकांना दिसणाऱ्या जागा शोधायला नव्याने मोजणी करायची गरजही नाही. किल्ले त्याच हिशेबाने बांधलेले आहेत. एका गडावरची इशारतीची तोफ दुसऱ्या गडावर ऐकू जायची. आज त्या माथ्यांच्या आसपास मोबाइलचे मनोरे आहेत, पोलिसांच्या आणि वनखात्याच्या बिनतारी यंत्रणेचे खांब आहेत. त्यातल्या काहींवर एक अँटेना आणि एक डबा जास्तीचा बसवायचा आहे. (संरक्षित स्मारकावर खिळाही ठोकू नये, हे वेगळं सांगायला नको, शेजारचा डोंगर पुरतो.)

लांब उडणाऱ्या लहान पक्ष्यांचं काय? त्यावरही जगाने अर्धं उत्तर काढलं आहे. कॅनडातून २०१४ पासून चालवल्या जाणाऱ्या ‘मोटस’ जाळ्यात हजाराहून जास्त केंद्रं आहेत. पक्ष्याच्या पाठीवर ग्रॅमच्या अंशाएवढा टॅग. पक्षी ज्या केंद्राजवळून जाईल ते त्याची नोंद करतं आणि सगळ्यांच्या नोंदी एका ठिकाणी जमतात. नेमकी जागा कळत नाही, पण ‘मंगळवारी रात्री इथून गेला, शुक्रवारी तिथे होता’ हे कळतं. २०२५ मध्ये तर अमेरिकेत मोनार्क फुलपाखरांवर ६० मिलिग्रॅमचे, सूर्यप्रकाशावर चालणारे टॅग लावले गेले आणि त्यांचा आवाज लोकांच्या खिशातल्या मोबाइलनीही टिपला. कोकणपट्टीवर वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत आणि खाली गोव्यात अशी दहा-वीस केंद्रं असती, तर नवरंगाची वाट आज जेवढी अंधारात आहे तेवढी राहिली नसती.

दुसरा आक्षेप: विकत घ्या की! बाहेर मिळतात, चांगली असतात. चांगली असतात हे मान्य. पण उपग्रहाच्या एका कॉलरीला लाखांत पैसे पडतात, ती मागवायला, सोडवून घ्यायला, परवाने मिळवायला महिने जातात, आणि विणीचा हंगाम कुणासाठी थांबत नाही. बिघडली तर दुरुस्ती इथे नाही. महाग म्हणून चार-पाचच लावल्या जातात, आणि चार-पाच प्राण्यांवरून निष्कर्ष काढावे लागतात. त्यातून आणखी एक गोष्ट घडते, जी मला जास्त टोचते: दुसऱ्याच्या कानावर आपण अवलंबून राहतो. जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेचे मार्टिन विकेल्स्की यांनी वर्षानुवर्षं खपून ‘इकारस’ प्रकल्प उभा केला. प्राण्यांच्या पाच ग्रॅमच्या टॅगचं ऐकायला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या रशियन भागावर २०१८ मध्ये अँटेना बसली. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि त्या मार्चमध्ये सगळा प्रवाह बंद पडला. पक्ष्यांच्या पाठीवर टॅग होते, ते ओरडत होते, ऐकणारं कोणी नव्हतं.

आपली स्थिती तर याहून चमत्कारिक आहे. समुद्री कासवांसाठी जगभर वापरली जाणारी उपग्रहव्यवस्था ‘अर्गोस’ फ्रान्समधून चालते. तिचा एक ग्राहक संच २०१३ मध्ये इस्रोच्या ‘सरल’ उपग्रहावर होता आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-३ वरही आहे. म्हणजे आकाशातला कान आपण अंतराळात नेऊन ठेवतो, आपल्या अग्निबाणाने. आणि त्या कानाशी बोलणारा, कासवाच्या पाठीवरचा तळहाताएवढा डबा मात्र आयात करतो. अवघड होतं ते आपल्याला जमलं, आणि त्या मानाने सोपं होतं ते आपण हाती घेतलं नाही.

कासवांचा अनुभव बोलका आहे. २०२२ च्या सुरुवातीला भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाने कोकणच्या किनाऱ्यावर पाच ऑलिव्ह रिडले माद्यांना टॅग लावले. प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी. वेळास-आंजर्ल्याची माणसं या नावांची चौकशी घरातल्या लेकीसारखी करत होती. कासव पाण्याखाली असतं तेव्हा रेडिओ निरुपयोगी, म्हणून टॅगवर दोन धातूचे टोक असतात. खारं पाणी लागलं की त्यातून वीज वाहते आणि रेडिओ गप्प बसतो, डोकं वर आलं की बोलतो. किती साधी, किती सुंदर काटकसर! तरीही लक्ष्मीचा सिग्नल काही आठवड्यांतच थांबला, बाकीचेही एकेक करत थांबले. पुढच्या वर्षी टॅग लावलेल्या आणखी दोघींपैकी गुहागरच्या बागेश्रीने श्रीलंकेला वळसा घालून बंगालचा उपसागर गाठला, आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, पूर्वेची वेगळी, हा सोयीचा समज हलला. पाच अधिक दोन अशा सात माद्यांनी एवढं सांगितलं. सत्तर असत्या तर मासेमारीच्या बंदीचे महिने आणि पट्टे ठरवताना बोलायला केवढा आधार मिळाला असता!

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल, कारण या कामात कुठे पाय घसरतो ते त्यातून कळेल. एका संशोधक मित्रासाठी आम्ही काही टॅग बनवले होते. प्राण्यावर लावण्याआधी घाटमाथ्यावरच्या झाडांना बांधून पाहिले. झोपेत असताना दोन मायक्रोअँपिअर घेतील असा हिशेब होता. म्हणजे वर्षाला सतरा-अठरा मिलिअँपिअर-तास, सेलच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी. दुसऱ्या पावसाळ्याची वाट पाहत बसलो होतो, पण तो येण्याआधीच टॅग मुके झाले. उघडून पाहिलं तर लेपाच्या खालून सूक्ष्म ओल आत गेली होती आणि दोन तारांच्या मधून कायमची गळती लागली होती. वीस-पंचवीस मायक्रोअँपिअर. डोळ्यांना दिसत नाही, साध्या मीटरवर धड वाचता येत नाही, पण वर्षभरात आख्खा सेल पिऊन टाकते. चार महिने सगळं धुक्यात असलेल्या मुलखात टॅग चालवायचा, तर परदेशातल्या कोरड्या प्रयोगशाळेतला आकडा काही कामाचा नाही. ते झाडांना बांधलेले होते म्हणून निभावलं. एखाद्या रानपिंगळ्याला पकडून, घाबरवून, त्याच्या अंगावर तो मुका डबा आम्ही बांधला असता तर ते मला सहन झालं नसतं.

कारण उपकरण बांधणं ही प्राण्यावर केलेली जबरदस्तीच आहे, हे विसरून चालणार नाही. आपल्या कायद्यात प्राणी पकडणंसुद्धा शिकारीच्या व्याख्येत मोडतं आणि संशोधनासाठी त्यातून खास परवानगी घ्यावी लागते. मला ती व्याख्या योग्य वाटते. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनो उद्यानात आफ्रिकेतून आणलेले दोन चित्ते काही दिवसांच्या अंतराने मेले. कॉलरखालची कातडी पावसात ओली राहिली होती, जखमा झाल्या होत्या, त्यांत अळ्या पडल्या होत्या. दक्षिण गोलार्धातल्या सवयीने अंगावर वाढलेल्या हिवाळी केसांनी ओल आणखी धरून ठेवली, असंही तज्ज्ञांनी सांगितलं. नंतर इतरांच्या कॉलरी काढून तपासाव्या लागल्या. आपल्या पावसाळ्याचा विचार न करता बाहेरची वस्तू जशीच्या तशी आणली तर काय होतं, याचं याहून दुःखद उदाहरण नको. म्हणून हलकं उपकरण, रुंद पट्ट्याऐवजी कुजून आपोआप गळून पडणारी दोरी, आणि एक आख्खा पावसाळा झाडावर काढल्याशिवाय कुठल्याही टॅगला प्राण्याच्या अंगाची परवानगी नाही, असा नियम मला हवा आहे. कमी वीज खाणारं उपकरण म्हणजे लहान सेल, लहान सेल म्हणजे कमी ओझं, आणि जास्त दिवस चाललं म्हणजे पुन्हा पकडणं नको. अभियंत्याने एक मायक्रोअँपिअर वाचवला तर तो प्राण्याच्या अंगावरूनच उतरतो.

एक गोष्ट मात्र या उपकरणांच्या नावावर कुणी विकू नये. जुन्नर, शिरूर, आंबेगावच्या उसात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं मेली, लहान मुलं मेली, आणि दर वेळी मागणी होते की सगळ्या बिबट्यांना कॉलरी लावा म्हणजे आधीच कळेल. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या मागणीला नाव ठेवायची माझी हिंमत नाही. पण खरं बोलणं हेही कर्तव्य आहे. दिवसातून चार-सहा वेळा जागा सांगणारी कॉलर ही मांजराच्या गळ्यातली घंटा होत नाही, आणि उसातल्या प्रत्येक बिबट्याला पकडणं शक्य नाही. कॉलरीचा उपयोग दुसरा आहे. २००९ मध्ये विद्या अत्रेय आणि वनखात्याने ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला माळशेज घाटात सोडलं. पारनेर तालुक्यात विहिरीतून काढलेला तो म्हातारा नर महिन्याभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, वाटेत त्याने माणसाला बोट लावलं नाही. पकडून दूर सोडलं की प्रश्न मिटतो, हा समज त्याने पायांनी खोडून काढला. धोरण बदलायला असा पुरावा लागतो. रात्री शौचाला बाहेर पडणाऱ्या बाईला मात्र दिवा, घराशेजारचं संडास आणि बंदिस्त गोठाच वाचवतो. तो खर्च कॉलरीच्या नावाखाली पुढे ढकलला जाऊ नये.

माहिती कुणाच्या हाती जाणार, हा प्रश्नही पहिल्या दिवसापासून हवा. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरीची माहिती ज्या ईमेलवर येत होती तो उघडण्याचा प्रयत्न झाला, आणि तो पुण्यातून झाल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. शिकाऱ्याला प्राण्याचा पत्ता घरबसल्या मिळण्याची ही वाट आहे. रेडिओचा कुकारा तर हवेत उघडाच असतो. जो अँटेना धरेल त्याला ऐकू येतो. पण यावर उपाय आहेत, आणि तेही वीज फारशी न खाणारे: दर वेळी बदलणारा सांकेतिक क्रमांक, ताजी जागा फक्त वनखात्याकडे, आणि काही महिने उलटल्यावर सगळ्या नोंदी सर्वांना खुल्या. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. लोकांच्या पैशाने, लोकांच्या रानातल्या प्राण्याच्या पाठीवरून आलेली माहिती एखाद्या कपाटात किंवा एखाद्याच्या पीएचडीत अडकून पडता कामा नये. रस्ता आखणाऱ्या अभियंत्याला, ग्रामसभेला, शाळेतल्या मास्तरांना ती उघडून पाहता आली पाहिजे.

गावाचा विश्वास यातूनच येतो. नागालँडमधल्या पांगती गावाजवळ २०१२ पर्यंत अमूर ससाणे हजारोंनी जाळ्यात पकडून मारले जात. पुढच्या वर्षी गावाने ते थांबवलं, आणि त्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांवर पाच ग्रॅमचे सौर टॅग लावले. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. गावाचं नाव घेऊन उडालेला पक्षी भारत ओलांडून, अरबी समुद्र न थांबता पार करून आफ्रिकेत पोचला आणि गाव त्याची वाट पाहू लागलं. बदल टॅगने केला नाही, गावाने केला. पण टॅगने गावाला त्याचं फळ दाखवलं.

मग सुरुवात कुठून? माझ्या मते दोन-तीन अभियांत्रिकी महाविद्यालयं, एखादी वन्यजीव संस्था आणि वनखातं यांनी मिळून एकच छोटं काम हाती घ्यावं: महाबळेश्वरच्या वटवाघळांसाठी चार माथ्यांवर चार केंद्रं आणि पन्नास टॅग. रचना, सॉफ्टवेअर, चुका, सगळं उघड्यावर. दूरसंचार खात्याने वन्यजीव संशोधनासाठी एक कायमचा पट्टा राखून द्यावा, म्हणजे दर टॅगमागे अर्ज करत बसावं लागणार नाही. अभियांत्रिकीची मुलं दर वर्षी तेच तेच प्रकल्प करतात, त्यातल्या काहींना हे काम मिळालं तर रात्रीची झोप सोडून ती करतील; मी अशी मुलं पाहिली आहेत.

आणि केंद्रावर माणूस लागेल. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका कासवाच्या पुढच्या वल्ह्याला धातूची एक पट्टी अडकवली होती, तिच्यावर फक्त एक क्रमांक. ना सेल, ना रेडिओ. जानेवारी २०२५ मध्ये ती मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. किनाऱ्यावर रात्रीची गस्त होती आणि तो क्रमांक कुणीतरी वाकून वाचला.